लॅपटॉप तापतोय? पैसे खर्च करण्याआधी घरी हे करून पाहा

नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली खोली असेल तर रात्री उशिरापर्यंत छत उष्णता सोडत राहतं. अशा खोलीत पहिलावहिला लॅपटॉप घेऊन कुणी अभ्यासाला किंवा घरून कामाला बसलं की थोड्याच वेळात आतला पंखा घोंगावायला लागतो, कीबोर्डचा वरचा भाग चटके देतो आणि मशीन रखडायला लागतं. मग सल्ले सुरू होतात. कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचं पंख्यांचं स्टँड) घे, आतली थर्मल पेस्ट बदलून घे, फॉरमॅट मार. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी बरोबर ठरतो, पण कारण न शोधता केला तर पैसे जातात आणि लॅपटॉप तापायचा तो तापतोच.

कारणं मुळात तीन. एक, आत उष्णता गरजेपेक्षा जास्त तयार होते आहे. दोन, तयार झालेली उष्णता बाहेर पडायची वाट अडली आहे. तीन, ज्या खोलीत ती बाहेर पडायची ती खोलीच तापलेली आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बहुधा तिन्ही थोडी थोडी असतात. त्यातलं मोठं कोणतं ते शोधायचं, एवढंच काम आहे आणि ते घरी करता येतं.

सगळ्यात आधी बॅटरी पाहा

बाकी काहीही करण्याआधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळ्यांच्या रेषेत आणून बाजूने बघा. तळ टेबलाला नीट टेकतोय का? चारही कोपरे दाबून बघा, डुगडुगतो का? टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो का, त्याची क्लिक जड झाली आहे का? झाकण पूर्वीसारखं घट्ट बसतं का? यातलं काही दिसलं तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मग या लेखातल्या पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. चार्जर काढा, पुन्हा लावू नका, फुगलेला भाग दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि मशीन गादी, पडदे, कागद यांच्यापासून दूर ठेवून शक्य तितक्या लवकर सर्व्हिस सेंटरला न्या. लिथियम बॅटरीला टोचलं किंवा वाकवलं तर ती पेट घेऊ शकते. धूर किंवा गोडसर रसायनासारखा वास आला तर मशीन वाचवायच्या मागे न लागता खोलीबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

काढलेली जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, भंगारवाल्यालाही द्यायची नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा बदलताना ती सर्व्हिस सेंटरलाच सोपवा.

किती गरम म्हणजे जास्त गरम

हाताला लागणाऱ्या चटक्यावरून अंदाज बांधू नका. पातळ धातूचा लॅपटॉप आतून ठणठणीत असतानाही बाहेरून खूप गरम लागतो, आणि जाड प्लॅस्टिकचा आतून भाजत असतानाही कोमट वाटतो. खरा आकडा प्रोसेसरच्या आत बसवलेले सेन्सर देतात.

काही न करता, फक्त डेस्कटॉप समोर असताना ४० ते ६० अंश सेल्सिअस हे सर्वसाधारण आहे. जड काम चालू असताना ७० ते ९० पर्यंत जाणं हेही चालतं. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची असते, एएमडी रायझनची मॉडेलनुसार साधारण ९५ ते १०५. त्या मर्यादेजवळ पोचला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. मशीन अचानक रखडतं ते यामुळे. तरीही तापमान आवरलं नाही तर लॅपटॉप काही न विचारता बंद पडतो. म्हणजे चिप जळू नये याची सोय कंपनीने केलेली आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही. मात्र रोज तासन् तास ९५ च्या वर राहणं बरं नव्हे. पंख्याचं आयुष्य कमी होतं, आणि शेजारी बसलेली बॅटरी सगळ्यात जास्त सोसते. लिथियम बॅटरी उष्णतेने वेगाने म्हातारी होते, त्यात ती सतत १०० टक्के भरलेली असेल तर आणखीच.

आता मोजा

विंडोजचा टास्क मॅनेजर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, किती व्यग्र आहे ते सांगतो, पण त्याचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे मोफत प्रोग्रॅम चांगले आहेत. ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, सापडेल त्या लिंकवरून नको. एचडब्ल्यूइन्फो उघडताना 'सेन्सर्स ओन्ली' वर खूण करा, म्हणजे नुसते आकडे येतील. त्यात 'सीपीयू पॅकेज' ही ओळ शोधा. 'थर्मल थ्रॉटलिंग' नावाच्या ओळीसमोर 'येस' दिसलं तर उष्णतेमुळे वेग उतरवला जातोय हे पक्कं झालं.

मग एक वही घ्या आणि तीन नोंदी करा. पहिली: लॅपटॉप रीस्टार्ट करून पंधरा मिनिटं काहीही न करता ठेवल्यावरचं तापमान. दुसरी: पंधरा मिनिटं साधा व्हिडिओ चालवल्यावरचं. तिसरी: तुमचं नेहमीचं जड काम, मग ती व्हिडिओ मीटिंग असो, गेम असो की कोडिंग, वीस मिनिटं केल्यावरचं. शेजारी खोलीचं तापमान आणि दिवसाची वेळ लिहा. ही वही पुढे प्रत्येक उपायानंतर लागणार आहे. तिच्याशिवाय 'जरा बरं वाटतंय' यापलीकडे काही कळत नाही.

त्याच वेळी दुसरी तपासणी करा. गरम हवा बाहेर पडते ती जाळी शोधा. ती बहुतेक लॅपटॉपना बिजागरीजवळ मागे किंवा डाव्या-उजव्या कडेला असते. थंड हवा आत घेणारी जाळी सहसा तळाला असते. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी बाहेर पडणाऱ्या हवेसमोर धरा आणि प्रोसेसरचं तापमान ८५ च्या वर असताना काय होतं ते पाहा.

पंख्याचा आवाज मोठा, पट्टी जोरात फडफडते आणि हवा चांगली गरम असेल, तर उष्णता बाहेर पडते आहे. मशीनवर काम जास्त आहे किंवा खोली गरम आहे. पंख्याचा आवाज मोठा पण पट्टी जेमतेम हलते, तर वाट धुळीने तुंबली आहे. आवाजच नाही आणि पट्टी स्थिर, तर पंखा बंद पडला असावा. घरघर किंवा टकटक ऐकू येत असेल तर तो बंद पडण्याच्या वाटेवर आहे. चौथी शक्यता नवशिक्यांच्या लक्षात येत नाही: पट्टी छान फडफडते, पण आत ९५ अंश असताना बाहेर येणारी हवा नुसती कोमट आहे. याचा अर्थ चिपची उष्णता तांब्याच्या नळीपर्यंत पोचतच नाही. दोघांमधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे पोचवणारा लेप) सुकली आहे किंवा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा, नळी आणि पातळ पट्ट्यांचा धातूचा भाग) नीट बसलेला नाही. पंखा कितीही फिरला तरी इथे उपयोग नाही, कूलिंग पॅडने तर नाहीच.

काही लॅपटॉपना पंखाच नसतो हेही ध्यानात ठेवा. २०२० च्या अखेरीस एम१ चिप आल्यापासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. पूर्ण धातूचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. तिथे जाळी शोधत बसू नका. सावली आणि कमी भार, हेच त्यांचे उपाय.

बैठक बदला

गादी, गोधडी, उशी, सोफा यांवर लॅपटॉप ठेवला की तळाची जाळी कापडात रुतते आणि पंखा हवेऐवजी कापूस ओढतो. जमिनीवर बसूनच काम करायची सवय असेल तर पाट किंवा छोटा बैठा डेस्क घ्या. मांडीवर तासन् तास ठेवणं टाळाच. रोज उष्णता लागून मांडीच्या त्वचेवर जाळीदार लालसर-तपकिरी चट्टे उमटतात. डॉक्टर त्याला 'एरिथिमा अ‍ॅब इग्ने' म्हणतात, आणि लॅपटॉपमुळे झालेल्या अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

टेबलावर ठेवल्यावर मागचे दोन कोपरे दोन-तीन सेंटिमीटर उचला. एकसारख्या जाडीची दोन जुनी पुस्तकं कोपऱ्यांखाली सरकवली तरी पुरतं, फक्त मधली जाळी मोकळी राहिली पाहिजे. मागे भिंत असेल तर वीतभर अंतर ठेवा, नाहीतर बाहेर पडलेली गरम हवा भिंतीला आपटून पुन्हा आत ओढली जाते. एवढं करून तिसरी नोंद पुन्हा घ्या. तापमान स्पष्ट उतरलं तर कूलिंग पॅडचाही थोडा फायदा होईल. काहीच फरक पडला नाही तर पॅडवर पैसे घालू नका. माझ्या मते पॅड ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. तळाला जाळीच नसलेल्या लॅपटॉपखाली ती निव्वळ शोभेची.

चार्जरचा चौकोनी ठोकळाही उष्णता सोडतो. तो उशीखाली, चादरीत किंवा लॅपटॉपच्या मागच्या जाळीसमोर ठेवू नका.

खोलीचा हिशेब

पंखा, मग तो लॅपटॉपमधला असो की छताचा, कोणत्याही वस्तूला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ढोबळमानाने, खोली दहा अंशांनी तापली की तेच काम करताना प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी वर जातो. जानेवारीत ७८ वर चालणारं काम मे महिन्यात ९० गाठतं ते असं, आणि त्यात लॅपटॉपचा काही दोष नसतो. अ‍ॅपल आपले मॅकबुक १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. इतर बऱ्याच कंपन्यांची वरची मर्यादाही ३५ ते ४० च्या दरम्यान असते. वऱ्हाडातली दुपारची खोली ही मर्यादा सहज ओलांडते.

म्हणून जड कामाची वेळ बदलणं हा विदर्भ-खानदेशात खरोखर परिणामकारक उपाय आहे. व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, मोठी फाइल डाउनलोड करून उघडणं, गेम, कोडचं मोठं कंपायलिंग, हे सगळं पहाटे ते सकाळी नऊ-दहापर्यंत उरका. दुपारी लिहिणं-वाचणं, ई-मेल असली हलकी कामं ठेवा. पश्चिमेच्या खिडकीसमोरून टेबल हलवा. काळ्या झाकणावर थेट ऊन पडलं तर खोलीच्या तापमानाला काही अर्थ उरत नाही.

कूलरबद्दल नेहमी विचारलं जातं. कूलरने खोली दहा-बारा अंशांनी उतरत असेल तर तो लावाच, लॅपटॉपला त्याचा फायदाच होईल. पण त्याच्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नका. वाळ्याची ताटी नवी असताना किंवा पाणी जास्त सोडलेलं असताना झोतातून बारीक थेंब येतात, आणि आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर जाळीवर बसतो. झोताच्या बाजूला, तीन-चार हात दूर बसा आणि एक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा साचणार नाही. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात हवा मुळातच दमट असल्याने कूलरने खोली फारशी उतरत नाही. तिथे छताचा पंखा आणि हवा खेळती ठेवणं हेच हाताशी राहतं, एसी असेल तर उत्तमच.

फ्रिजमध्ये ठेवणं, खाली बर्फाची पिशवी ठेवणं, ओला कपडा गुंडाळणं, हे काहीही करू नका. थंड झालेल्या धातूवर हवेतलं बाष्प जमतं, ते आत सर्किटवरही जमतं, आणि मग दुरुस्तीचा खर्च मदरबोर्डाचा असतो. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवणं हेही तितकंच वाईट.

कामाचा भार उतरवा

मोजमापात पहिलीच नोंद, म्हणजे काही न करतानाचं तापमान, ७० च्या वर आली असेल तर मागे काहीतरी चालू आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'सीपीयू' या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारे प्रोग्रॅम वर येतात.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर पहिले एक-दोन दिवस विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि फाइलींची सूची बनवणं यात तो व्यग्र असतो. चार्जिंगला लावून रात्रभर चालू राहू द्या, बहुधा आपोआप शांत होतो. जुना असेल तर मुख्य संशयित ब्राउझर. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन किती खातंय ते कळतं. दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र बसवले असतील तर एक काढा. नाव ओळखीचं नाही, मालक कोण ते कळत नाही आणि सीपीयू मात्र सतत ६०-७० टक्के खातोय असा प्रोग्रॅम दिसला, तर विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण तपासणी करा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप क्रिप्टोचलन खणणारे प्रोग्रॅम येतात आणि त्यांचं पहिलं लक्षण हेच असतं.

ऑनलाइन वर्ग किंवा मीटिंगमध्ये पाठीमागचं दृश्य धूसर करायची सोय बंद करा. प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे प्रोसेसरला सतत ओळखत राहावं लागतं. साध्या लॅपटॉपवर त्याचा भार मोठा पडतो. मागे साधी भिंत येईल असं बसलं की काम झालं.

आता सगळ्यात उपयोगी सेटिंग. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी असं जाऊन 'पॉवर मोड' मध्ये 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' निवडा. एवढ्याने पुरेसं उतरलं नाही तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' खाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असतं. ते १०० वरून ९९ टक्के करा. एक टक्का दिसायला किरकोळ, पण त्याने बहुतेक मशीनवर टर्बो बूस्ट बंद होतो. टर्बोमध्ये प्रोसेसर आपल्या मूळ वेगाच्या कितीतरी वर धावतो, आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागत असल्याने वेगाच्या मानाने वीज आणि उष्णता फार जास्त वाढते. तो बंद केला की टायपिंग, ब्राउझिंग, व्हिडिओ यात फरक सहसा जाणवत नाही, तापमान मात्र चांगलं उतरतं. जड कामात थोडा वेळ जास्त लागेल. उन्हाळ्यापुरतं हे ठेवावं आणि पावसाळा लागला की परत १०० करावं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधला 'क्वाएट' किंवा 'कूल' मोड बघा. त्याच अ‍ॅपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुधा असते. सतत चार्जर लावून काम करणाऱ्यांनी ती सुरू करावी.

गेम खेळत असाल तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची तो आकडा, ६० वर बांधा.

आणि सॅकचं प्रकरण. नुसतं झाकण लावून लॅपटॉप सॅकमध्ये टाकला तर आजकालचे बरेच लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत, मधूनच जागे होऊन अपडेट वगैरे करतात. बंद सॅकमध्ये हवा नाही, मशीन भट्टीसारखं तापतं. प्रवासाआधी शट डाउन किंवा हायबरनेट करा.

धूळ काढणं

पट्टी जेमतेम हलत होती त्यांच्यासाठी ही पायरी. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, गार होऊ द्या, बाल्कनीत न्या. रंगकामाच्या मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झटका. मग कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी ब्लोअर किंवा कॉम्प्रेस्ड एअरचा डबा घेऊन बाहेरच्या जाळीतून आणि मग तळाच्या जाळीतून थोडे थोडे झोत मारा. डबा उभाच धरा. तिरका केला तर द्रव बाहेर पडतो. जाळीतून पंख्याचं पातं दिसत असेल तर लाकडी टूथपिकने हलकेच अडवून धरा. हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. दिवाळीच्या साफसफाईचा विजेवरचा ब्लोअर वापरणार असाल तर दूरूनच. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने स्थिर वीज तयार होते. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण आत जातात.

घरात मांजर-कुत्रा असेल, रोज उदबत्ती-धूप असेल, जवळ रस्त्याचं काम किंवा कापसाचं जिनिंग असेल तर दर महिन्याला, नाहीतर दर तीन महिन्यांनी हे करावं.

मात्र एक मर्यादा समजून घ्या. पंखा आणि हीटसिंकच्या पातळ पट्ट्या यांच्या मधोमध वर्षानुवर्षांच्या धुळीचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून मारलेल्या हवेने तो सैल होतो, पण बाहेर येईलच असं नाही. त्यासाठी तळ उघडावा लागतो. वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका. वॉरंटी संपली असेल आणि हात बसलेला असेल तर आपल्या मॉडेलचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा, स्क्रू ज्या जागचे त्याच जागी कागदावर चिकटवत चला कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते, आणि आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. थर्मल पेस्ट मात्र पहिल्याच खेपेस स्वतः बदलू नका. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं. हीटसिंक वाकडा दाबला गेला तर तिचा कोपरा उडतो.

दुकानात नेताना

पंखा मेला आहे, किंवा जोरदार पण कोमट हवा येते आहे, असं निघालं तर दुकान गाठावंच लागेल. जाण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर घ्या आणि दुकानासाठी वेगळं खातं बनवून ठेवा, आपला पासवर्ड देऊ नका. नुसतं 'गरम होतो' असं न सांगता वही दाखवा: अमुक काम करताना इतके अंश, हवा जोरात पण कोमट. चांगला कारागीर याने खूश होतो, आणि बाकीच्यांना उगाच फॉरमॅट सुचवायला जागा राहत नाही.

दर आधी ठरवा. साफसफाई, पेस्ट आणि पंखा बदलला तर त्याचे, असे वेगवेगळे आकडे लिहून घ्या. कोणत्या कंपनीची पेस्ट लावणार ते विचारा. हीटसिंक काढताना मऊ थर्मल पॅड (इतर चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता पोचवणाऱ्या पट्ट्या) फाटले तर तितक्याच जाडीचे नवे लावायला सांगा. पॅडच्या जागी पेस्ट भरणं हा वेळ मारून नेण्याचा प्रकार आहे. शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या. बदललेला जुना पंखा परत मागा.

पैसे देण्याआधी लॅपटॉप तिथेच चालू करून एचडब्ल्यूइन्फो लावा आणि तुमचं तिसऱ्या नोंदीचं काम निदान पंधरा मिनिटं चालवा. दुकानात एसी असेल तर खोलीतला फरक वजा करूनच आकडा वाचा. पेस्ट खरोखर सुकलेली होती तर दहा अंश किंवा त्याहून जास्त फरक दिसायला हवा. दोन-तीन अंशच उतरले असतील तर हीटसिंकचे स्क्रू क्रमाने आणि सारखे आवळले आहेत का ते तिथल्या तिथे पुन्हा तपासायला सांगा.